धागा: जिनिंगच्या गेटवरून पिल्लू आणलंय. मागचं दगावलं होतं, यावेळी काय काय सांभाळू?

कापूसवेचणी (यवतमाळ जिल्हा)
१ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. परवा कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, गेलो होतो. ट्रकांच्या रांगेत चाकांमधून एक पिल्लू फिरत होतं. गेटवरचे काका म्हणाले, चार होती, तिन्ही नर लोकांनी नेले, ही मादी म्हणून राहिली. आई गावठी, बाप मालकाच्या बंगल्यावरचा लॅब्राडोर असावा असा त्यांचा अंदाज. आई आठ दिवसांपासून दिसली नाही म्हणे. माझ्या मुलीनं तिला ओढणीत घेतलं ते घेतलंच. घरी येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

पांढरी आहे, पाठीवर दोन काळे ठिपके, कान अर्धे उभे अर्धे पडलेले. पहिल्याच रात्री आतल्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात शिरून झोपली, म्हणून पोरांनी नाव ठेवलं सरकी. सासूबाईंना ते पटत नाही. कापसात केस गेले की व्यापारी भाव पाडतो, त्यांचंही चूक नाही. म्हणून कालपासून तिला गोठ्याच्या ओसरीत पोत्यावर झोपवते, पण रात्रभर रडते.

वय सहा-सात आठवडे असावं. वेचणीचा कापूस तोलायच्या टांगत्या काट्याला पिशवी लावून वजन केलं, २ किलो ६०० ग्रॅम भरलं. पोट मात्र घागरीसारखं फुगलेलं. कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत.

गेल्या वर्षी असंच एक पिल्लू आणलं होतं. तीन दिवसांत गेलं. तेव्हापासून मुलगी कुत्र्याचं नाव काढत नव्हती. यावेळी मला काहीही चुकवायचं नाही. खायला काय देऊ, इंजेक्शनं कधी, गोचिडांना काय लावू, सगळं सांगा.

वऱ्हाडची लेक (अकोला)
१ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, पहिलं म्हणजे गाईचं-म्हशीचं दूध वाटीभर लावू नका. आपल्याकडे पिल्लू आणलं की दूध-पोळी हे ठरलेलंच, आणि त्यानंच पिल्लांची पोटं बिघडतात. या वयात दुधातली साखर पुष्कळांना पचत नाही. त्याऐवजी फोडणी न दिलेलं तुरीचं पातळ वरण, त्यात ज्वारीची भाकर अगदी मऊ कुस्करून, वर चमचाभर ताजं दही. एक दिवसाआड उकडलेलं अंडं. घरी कोंबडी झाली तर मसाला टाकायच्या आधी दोन तुकडे बाजूला काढायचे, हाडं काढून. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, आतडं फाडतं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. पोरं लाडूतला मनुका काढून प्रेमानं भरवतात, त्यांना समजावून सांगा.

दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. आणि काट्यावर वजन केलंत ना, ते फार चांगलं केलंत. दर दोन दिवसांनी करा आणि कॅलेंडरवर लिहा. पिल्लू बोलत नाही, काटा बोलतो.

रात्री रडतं कारण ते आठ दिवसांपूर्वीपर्यंत भावंडांच्या ढिगात झोपत होतं. बाटलीत गरम पाणी भरून जुन्या लुगड्यात गुंडाळून कुशीला ठेवा. आणि शक्यतो घरात घ्या. सध्या थंडी भल्ली पडली आहे.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (वाशीम)
२ डिसेंबर, सकाळी ६:३०

ताई, मी डॉक्टर नाही. पण ३१ वर्षं गावोगावच्या दवाखान्यांत काढली, म्हणून बोलतो.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे त्यावर मी अडलो. गेल्या वर्षीचं पिल्लू तीन दिवसांत गेलं. मला सांगा, आधी खाणं सोडलं का? मग उलट्या, मग रक्ताचे पातळ जुलाब, आणि त्याला एक विशिष्ट सडका वास? तसं असेल तर तो पार्व्हो होता, पिल्लांच्या आतड्याचा विषाणूचा रोग. आपल्याकडे लोक 'पिल्लाला नजर लागली', 'हगवण लागली' म्हणून सोडून देतात.

पार्व्होचं वाईट हे की कुत्रं जातं, रोग जात नाही. तो विषाणू जमिनीत, पोत्यात, भांड्याच्या कडेला महिनोन्महिने टिकतो, सावलीच्या ओलसर जागेत वर्षभरसुद्धा. थंडीनं मरत नाही, फिनाईलनं मरत नाही. म्हणून दुसरा प्रश्न: ते पिल्लू कुठं झोपत होतं? सरकी ज्या पोत्यावर झोपते ते पोतं कोणतं?

आता लशीचं. सहा ते आठ आठवड्यांत पहिली एकत्रित लस, मग दर तीन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. लोक एक टोचून घेतात आणि झालं म्हणतात. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लशीला कामच करू देत नाही, आणि ती नेमकी कधी उतरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की, आणि मग वर्षानं परत.

गावच्या सरकारी दवाखान्यात गाई-बैलांच्या लशी असतात, कुत्र्याची एकत्रित लस बहुधा नसते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मेडिकलमधून आणावी लागते. आणताना थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालूनच आणा. २ ते ८ अंशांच्या बाहेर गेली की ती लस राहत नाही. खिशात घालून एसटीनं आणलेल्या लशी मी किती पाहिल्या, टोचल्याचं समाधान तेवढं मिळतं.

फुगलेलं पोट म्हणजे जंत. ते आईच्या पोटातूनच, दुधातूनच आलेले असतात. जंताचं औषध वजनावर मोजून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांची होईपर्यंत. पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. तुमच्याकडे वजन आहे, तेच घेऊन दवाखान्यात जा. आणि पोरांचे हात साबणानं धुवायला लावा. हे जंत लहान मुलांनाही बाधतात.

कापूसवेचणी
२ डिसेंबर, सकाळी ११:०५

काका, तुमचं वाचलं आणि हातपाय गार पडले. हो, तसंच झालं होतं. तो वास मला अजून आठवतो. आणि पोतं तेच आहे. गोठ्याच्या खुंटीला टांगलेलं होतं, झटकून अंथरलं. वाटीही तीच, जर्मनची, मुलीनं जपून ठेवली होती.

आत्ताच पोतं जाळलं. वाटी टाकली. आता ओसरीचं काय करू? अर्धी फरशी आहे, अर्धी शेणानं सारवलेली जमीन.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
२ डिसेंबर, दुपारी १२:२०

फरशी आधी साबणाच्या पाण्यानं घासून काढा, कारण घाणीवर ब्लीच लागत नाही. मग ब्लीचचं द्रावण, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, ओतून दहा मिनिटं ओलं ठेवा, मग धुवा. तोवर पिल्लू लांब. सारवलेल्या जमिनीचं काही करता येत नाही, ब्लीच तिथं मुरून जातं. वरचा थर खरवडून काढा, ऊन लागू द्या आणि सरकीला त्या बाजूला जाऊच देऊ नका. तिला आत घ्या. सासूबाईंना माझं नाव सांगून सांगा, की दोन महिने कापसाच्या खोलीच्या दाराला आडवी फळी लावा आणि पिल्लाला चुलीजवळ जागा द्या.

उद्याच दवाखान्यात न्या. लस ठरवतील ते डॉक्टर, पण थांबू नका.

संत्र्याची बाग (वरुडकडचा)
२ डिसेंबर, सायंकाळी ७:५०

ताई, गोचिडायचं टेन्शन घेऊ नोका. आमी बैलाले लावतो तेच औषध बादलीभर पान्यात टाकतो अन् कुत्र्याले त्यात बुडवून काढतो. एका दिवसात साफ. दवाखान्यात पैसे कायले घालता.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
२ डिसेंबर, रात्री ८:१०

भाऊ, तुम्ही मनापासून सांगितलं हे मला कळतं, पण ताई, हे करू नका. कृपा करून करू नका.

बैल साडेतीनशे-चारशे किलोचा. सरकी २ किलो ६०० ग्रॅमची. बैल अंग चाटून औषध पोटात घेतो तेवढं त्याला पचून जातं, पिल्लू सगळं अंग चाटतं. बाटलीवर जे प्रमाण आहे ते जनावरासाठी, आणि त्यात आपण 'थोडं जास्तच टाकू' म्हणतो. तेच जंताच्या इंजेक्शनचं. गाईसाठीचं इंजेक्शन 'चार थेंब' म्हणून कुत्र्याला टोचणारे आहेत. चार थेंब म्हणजे किती, हे कोणाला माहीत? काही कुत्र्यांना ते औषध थेट मेंदूत चढतं, आंधळी होतात, कोमात जातात. तुमच्या पिल्लात कोणत्या जातीचं रक्त आहे हे तुम्हाला माहीत नाही, मग तर अजिबात नको.

कपाशीचं फवारणीचं औषध लावणारेही मला भेटले आहेत. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी धडधाकट माणसं विषबाधेनं गेली. माणसाच्या कातडीतून जे आत जातं ते पिल्लाच्या कातडीतून जाणार नाही का?

इतक्या लहान पिल्लाचे गोचीड चिमट्यानं काढा. कातडीच्या अगदी लगत धरायचा, न पिळता सरळ वर ओढायचा, साबणाच्या पाण्यात टाकायचा. नखानं चिरडू नका. पिल्लांना चालणारा फवारा मिळतो, तो डॉक्टरांना विचारून. कुणी आधीच काही लावून बसलं असेल आणि पिल्लू लाळ गाळतंय, थरथरतंय, तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून साध्या साबणानं धुवा, पुसून गरम ठेवा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा. उलटी करवू नका.

संत्र्याची बाग
२ डिसेंबर, रात्री ११:३५

काका, तुमचं वाचून झोप नाई आली. दोन वर्सांखाली आमचा वाघ्या गेला. संध्याकाळी त्याले औषधाच्या पान्यात काढला अन् रात्री तोंडाले फेस, सारं आंग थरथर, पाय ताठ. आमी समजलो पान लागलं. बागेत नाग निघते, म्हनून कोनाले शंका आली नाई. मांत्रिकाले बी आनलं. सकाळी मेला.

सात वर्साचा होता. बागेत रात्री मी एकटा पानी द्याले जायचो तं माया पुढं चालायचा. म्या माया हातानं बुडवला काका त्याले.

ताई, मी सांगितलेलं करू नोका.

वऱ्हाडची लेक
२ डिसेंबर, रात्री ११:५०

दादा, तुम्ही त्याला त्रास व्हावा म्हणून नाही केलं. त्याचे गोचीड जावेत म्हणूनच केलंत. इथं लिहिलंत म्हणून वाचणारे चार जण थांबतील.

मोहाचं फूल (सिंदेवाही)
३ डिसेंबर, सकाळी ७:१५

आमच्याकडचं एक सांगते. आम्ही ताडोबाच्या बाजूचे. इथं अंगणात साखळीनं बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. पळायलाही त्याला जागा नसते. बिबट फक्त जंगलातच असतो असं यवतमाळवाल्यांनीही समजू नये, तुरीच्या उभ्या शेतात तो दिवस काढतो. रात्री पिल्लू दाराच्या आतच. मोठं झालं तरी.

आणि रानडुकरासाठी कुणी तारेत करंट सोडला असेल, उंदरांसाठी विषाची गोळी ठेवली असेल, तर शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवा. पिल्लू हुंगत हुंगत कुठंही जातं.

कापूसवेचणी
३ डिसेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे खूप आभार. आज तालुक्याला नेऊन आणली. जंताचं औषध दिलं. लस शनिवारी यायची आहे, डॉक्टर स्वतः फ्रीजमधून काढून टोचणार आहेत. गोचीड मी आणि मुलीनं मिळून काढले, एकवीस निघाले. वजन २ किलो ७०० ग्रॅम. सासूबाईंनी स्वतःच चुलीजवळ जागा केली आणि आपलं जुनं लुगडं दिलं. मी काही बोलले नव्हते.

एक विचारायचं राहिलं. खेळताना तिनं मुलाच्या बोटाला दात लावला. थेंबभर रक्त आलं. एवढंसं पिल्लू, दुधाचे दात. शेजारचे म्हणतात हळद-चुना लाव.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
३ डिसेंबर, रात्री ८:४१

ताई, हे वाचताक्षणी उठा. हळद नाही, चुना नाही, मिरची नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. पट्टी बांधू नका. सकाळी पहिलं काम प्राथमिक आरोग्य केंद्र. रेबीजची लस तिथं मोफत मिळते. रक्त आलं आहे हे स्पष्ट सांगा, कारण अशा जखमेत लशीबरोबर जखमेच्या जागी द्यायचं सीरमही लागतं. ते तिथं नसेल तर ग्रामीण रुग्णालयात पाठवतील, तिथं जा.

पिल्लाला लस झालेली नाही, आई कुठं गेली माहीत नाही. पिल्लांनाही रेबीज होतो. दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवाच, पण मुलाची लस त्यासाठी थांबवायची नाही. नुसतं अंगावर चाटलं, कातडी शाबूत असेल, तर घाबरू नका. दात किंवा नख लागलं तर जायचंच. कार्डावर लिहिलेली एकही तारीख चुकवू नका.

कापूसवेचणी
५ डिसेंबर, पहाटे ४:५०

सरकीनं काल संध्याकाळपासून काही खाल्लं नाही. रात्रीतून तीन उलट्या. शेवटची पिवळी, फेसाची. आत्ता कंदील धरून पाहिलं तर पातळ झाली आहे आणि त्यात लाल आहे. तोच वास. वजन २ किलो ४०० ग्रॅम. हे गाडी काढताहेत.

मीच तिला त्या पोत्यावर झोपवलं.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
५ डिसेंबर, पहाटे ५:२०

जाग आली म्हणून पाहिलं. ताई, लुगड्यात गुंडाळून न्या, अंग गार पडू देऊ नका. तोंडानं पाणी पाजू नका, उलटी होत असताना ते नाकात जाईल. त्या जुलाबाचा थोडा नमुना प्लास्टिकच्या डबीत घ्या, तपासणीची पट्टी असते, दहा-पंधरा मिनिटांत कळतं. पार्व्होवर थेट औषध नाही. सलाईन, उलटी थांबवायचं औषध आणि अँटिबायोटिक देऊन पिल्लाला तेवढे दिवस टिकवून धरायचं असतं. पहिले तीन-चार दिवस काढले तर बहुतेक वाचतात. वेळेत निघालात, हे लक्षात ठेवा.

पोत्याचं म्हणाल तर जिनिंगच्या आवारातही ती तो घेऊन आली असू शकते. आत्ता त्यात शिरू नका.

वऱ्हाडची लेक
५ डिसेंबर, सकाळी ७:००

तालुक्यात सोय झाली नाही तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा मोठा दवाखाना आहे, आमच्या अकोल्यातही पशुवैद्यकीय संस्था आहे. कुणाच्या जनावराचं असंच अडलं तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, फिरत्या दवाखान्याचा. ताई, कळवत राहा.

कापूसवेचणी
७ डिसेंबर, रात्री ९:१०

पार्व्होच निघाला. तिन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन. पुढच्या पायाची शीर सापडत नाही, एवढीशी आहे. मी पाय धरून बसते. सुरुवातीला ओढायची, आज ओढला नाही. वजन २ किलो १५०. मजूर बाया वेचणीला आल्या तर त्यांनीही आधी विचारलं, पिल्लू कसं आहे. कापूस तोलायच्या आधी काट्यावर सरकी जाते हे सगळ्यांना माहीत झालं आहे.

संत्र्याची बाग
७ डिसेंबर, रात्री ९:३०

ताई, मी रोज पायतो हा धागा. धीर धरा.

कापूसवेचणी
९ डिसेंबर, दुपारी २:१५

आज उलटी नाही. दुपारी सासूबाई भाताची पेज गाळत होत्या, ही लुगड्यातून मान वर करून वास घेत होती. बोटाला पेज लावून नाकापुढं धरली. आधी नुसतं हुंगलं. मग जीभ बाहेर आली, खरखरीत, कोरडी, आणि बोट चाटलं. दोन चमचे गेले. पोटात राहिले.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
९ डिसेंबर, दुपारी ३:००

देवाची कृपा, आणि तुमच्या हातांची. आता घाईनं पोटभर देऊ नका. पेज, मग मऊ भात-दही, दर दोन तासांनी दोन चमचे. आणि आणखी महिनाभर तिला गावातल्या कुठल्याही पिल्लाजवळ जाऊ देऊ नका. बरं झालेलं कुत्रंही काही आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत असतं. विष्ठा पुरताना चपला वेगळ्या ठेवा. आळीत लहान पिल्लं असतील तर त्यांच्या घरी जाऊन सांगा.

आणि पार्व्हो होऊन गेला म्हणून लस सोडू नका. त्या लशीनं डिस्टेंपरसारख्या कुत्र्यांच्या बाकीच्या रोगांपासूनही बचाव होतो. अंगात ताकद आली की डॉक्टरांना विचारून सुरू करा.

कापूसवेचणी
६ जानेवारी, रात्री ८:००

बरेच दिवस लिहायचं राहिलं, तूर काढणी सुरू आहे.

सरकी ३ किलो ९५० ग्रॅम. कान दोन्ही उभे झाले. मुलाच्या लशीचे सगळे डोस पूर्ण झाले, शेवटचा गेल्या आठवड्यात झाला. सरकीला पहिली लस टोचली, दुसरीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे. आळीत दोन घरी पिल्लं होती. मी दारातच उभी राहून सांगितलं, आत पाऊल टाकलं नाही. एका घरचे म्हणाले, गावठी कुत्र्याला कसली लस. दुसऱ्या घरच्या आजी मात्र थर्माकोलचा डबा मागून घेऊन गेल्या, त्यांच्या दोन्ही पिल्लांना टोचून आणलं.

सहा महिन्यांची झाली की तिचं ऑपरेशन करायचं ठरवलं आहे. मादी म्हणून ती गेटवर राहिली, तिची पिल्लं तशी राहायला नकोत.

आता एक शेवटचं. उरलेला कापूस उद्या जातोय, खोली रिकामी होईल, आणि सासूबाई म्हणतात आता तिला तिथंच झोपू दे. पण लुगडं पुरत नाही, फरशी गार लागते. खाली मऊ काय घालू?

संत्र्याची बाग
६ जानेवारी, रात्री ८:२५

तुरीचं कुटार म्हंजे भुसा भरा ताई, बारीक असलेला, वरून लुगडं शिवून टाका. ऊब धरते. दर पंधरा दिवसानं काढून उन्हात टाकायचं. सोयाबीनचं नोका भरू, टोचते.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
६ जानेवारी, रात्री ८:४०

पोतं मात्र नवं घ्या.